तिसरा भाग फळीवर नाही

सध्या काय वाचतेस, असं विचारलंस, फुमिए.
खरं सांगू? धुलाईच्या दुकानातली पुस्तकं.
कुशिरोच्या बंदरामागे, जिथे धुकं
दुपारी तीनलाच दिवे लावायला लावतं,
तिथे सात यंत्रं, एक बाक आणि एक फळी.
फळीवर कॉमिक्स. फुगलेली, दमट, कुणाकुणाची,
साबणाचा वास लागलेली भुतं.

मी मासळीच्या कारखान्यातून येते.
एप्रन आत टाकते, नाणी टाकते
आणि चाळीस मिनिटं घाबरून घेते.
एवढ्या पैशांत एवढी भीती आता मिळते कुठे?

एक गोष्ट आहे. एका गावातली दारं
रोज रात्री बोटभर लहान होतात.
बस, एवढंच. रक्त नाही, केस सोडलेली बाई नाही.
पहिल्या भागात लोक कपाळं चोळतात.
दुसऱ्या भागात शाळेत वाकण्याचा तास सुरू होतो
आणि उंच होत चाललेल्या पोराला आई
भात वाढताना हात जरा आखडता घेते.
इथे माझं यंत्र कधी थांबलं, कळलंच नाही.

तिसरा भाग फळीवर नाही.

इसाबुरो म्हातारा, ज्याचे दोनच सदरे आहेत
आणि दोन्ही तो मंगळवारीच धुतो,
म्हणाला, "मी वाचलाय. सांगणार नाही.
सांगितली की भीती सादळते, बिस्किटासारखी."
मग न विचारताच वाचायचं कसं ते शिकवलं:
"डाव्या पानाचा खालचा कोपरा बघ.
तिथे कुणीतरी नेहमी कशाकडे तरी बघत असतं.
कशाकडे, ते पान उलटल्यावर.
आपण उलटतो म्हणून ते होतं.
नाही उलटलंस, तर ते बिचारं
पलीकडे अंधारात तुझी वाट बघत बसेल."

त्या कोपऱ्यांवर अंगठ्यांचे डाग आहेत, फुमिए.
ग्रीसचा, शाईचा, एक बहुतेक सोया सॉसचा.
सगळे इथेच थांबलेत.
मीही माझा ठेवून आले, माशाच्या वासाचा.

आणि तो शब्द आठवतो का, शीऽऽन?
जिथे काहीच वाजत नाही, तिथे चित्रात लिहितात तो.
रिकामा जिना, आणि त्यावर उभा, हातभर, शीऽऽन.
लहानपणी तू तो मोठ्याने वाचायचीस
आणि मी उशीखाली डोकं खुपसायचे.
शांतता कुणी कुणाला वाचून दाखवू नये.

आईची रात्रपाळी संपेपर्यंत
रेन्पेई नावाचा एक पोरगा इथे बसून असतो.
तो म्हणाला, तिसऱ्या भागात सगळ्यांची मांजरं होतात.
मग काय, दारं कितीही लहान होवोत.
दवाखान्याच्या चादरी आणणारी शिओमी म्हणाली,
छे, एक जण भिंत फोडतो
आणि मागे तसंच गाव असतं, तशीच दारं,
फक्त तिथले लोक ताठ चालत असतात.
पुढे? पुढचं पान फाटलं होतं म्हणे.
इसाबुरो खोकत हसला. "दोघंही चूक."
मग थोड्या वेळाने, सदऱ्याची घडी घालता घालता,
"बहुतेक."
मला वाटतं, त्यानेही वाचलेला नाही.

तुझ्या साप्पोरोत जुन्या पुस्तकांत कुठे दिसला
तर पाठवू नकोस. आधी तू वाच.
मग रात्री फोन कर आणि काहीएक बोलू नकोस,
नुसता श्वास घे.
त्यावरून मी ओळखेन, मांजरं की भिंत.

काल पिशवी घेऊन घरी आले.
कपडे अजून कोमट होते. कुलूप काढलं
आणि आत शिरताना, काही कारण नसताना,
किंचित वाकले.
मग परत बाहेर आले आणि चौकटीवर
पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवली.

ते जाऊ दे.
तू काय वाचतेस?